टाकीत ओतलेलं फिनेल
मेडशी, मंगळवार, मार्च १९७६. दिवे लागले

गोबरगॅसच्या टाकीवरचा ढोल गॅस भरला का वर येते, तो आजबी वर आला नाही. चार रोज झाले. काकाच्या त्या टाकीत शेणासंगं संडासाचं पाणीबी जाते. मी म्हटलं, काकूच्या शेगडीले फिनेलचा वास आला तं मजा येईन. अख्खी बाटली ओतली!

आज टाकीवाला मिस्त्री आला. म्हणे, "आतले जंतू घाण खातात, तवा गॅस होते. ते मेलेले दिसतात. कोणी फिनेल-गिनेल ओतलं का?"

सगळ्याईनं नाही म्हटलं. मीबी. काहून म्हटलं मी?

काका म्हणे, "मंग नळी तुंबली असंन. सकाळी ढोल काढून आत उतरतो."

मिस्त्री म्हणे, "उतरू नका बाप्पा, आतल्या हवेनं माणूस जागीच पडते."

"शेणाले कोण भेते बे!"

मिस्त्री गेल्यावर मी शिडीच कडब्यात लपवली. ढोल पुन्हा पाह्यला, खालीच. वापस येतो तं काका शेजाऱ्याची शिडी खांद्यावर घेऊन येऊन राह्यला.

किती शिड्या लपवू? जेवाले बसला का सांगतोच. मारो मले, पण टाकीच्या बाहीर राहून मारो.