त्र्याहत्तर टक्के वाढ

४ जानेवारी १९९९, सोमवार. सकाळी ८.

नवीन वर्षाचे संकल्प. चार दिवस उशीर, पण लेखी.
एक, जिल्हा व्यापारी मित्रमंडळाचा ‘वेगवान प्रगती पुरस्कार’ मिळवायचा. दोन, गिऱ्हाइकांवर ओरडायचं नाही. तीन, चहा दोनदाच.

फॉर्म सर्जेरावाने आणून दिला. स्टेशनसमोर त्याचाही एसटीडी बूथ आहे. शिवाय झेरॉक्स, सोफा आणि पंखा. म्हणाला, म्याडम, तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या, माझा पण भरून द्या की. दिला. ‘प्रगतीचे कारण’ या रकान्यात त्याने ‘देवाच्या कृपेने’ लिहायला सांगितलं. लिहिलं. अशा माणसाशी स्पर्धा म्हणजे स्पर्धाच नाही.

अट एकच, तीन वर्षांत पन्नास टक्क्यांवर वाढ. टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले आणि दोन महिन्यांत हा बूथ उघडला, जानेवारी ९६ ला. म्हणजे बरोबर तीन वर्षं.

समारंभ १८ एप्रिलला. विजेत्याला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या. एक माझी. दुसरी माझ्या मुलीची, नंदाची. बडोद्याहून निघायला तिला काहीतरी कारण हवं. हे कारण आहे.

लाईन टेस्ट, ७.४०. बडोदा. दुसऱ्या रिंगला उचलला. नंदाचं हॅलो, दोनदा. आवाज स्वच्छ.

६ जानेवारी

आकडे काढले. महिन्याचे सरासरी एसटीडी कॉल: ९६ साली साठ, ९७ साली अठ्ठ्याहत्तर, ९८ साली एकशे चार. वाढ त्र्याहत्तर टक्के. दोनदा गुणाकार करून पाहिला.

कारण उघड आहे. डिसिप्लिन. भिंतीवर माझ्या अक्षरात बोर्ड आहे: आधी विचार करा, मग डायल करा. ओरडू नका. फोनवर रडू नका, बाहेर रडून या.

गिरिजा बूथ झाडते आणि दुपारी गल्ल्यावर बसते. तिला टक्केवारी समजावून सांगितली. म्हणाली, म्याडम, माणसं तर दिसून न्हाई राह्यली. म्हटलं, वाढ डोळ्यांनी दिसत नसते.

लाईन टेस्ट, सकाळ आणि दुपार. दोन्ही ठीक.

९ जानेवारी

संकल्प दोन मोडला. इलाज नव्हता. कुंभार पिंपळगावचा एक माणूस, म्हणजे माझ्या माहेरचाच, फोनवर बांधावरून हाक मारावी तसा ओरडत होता. त्याला म्हटलं, ओरडून पुण्याला ऐकू गेलं असतं तर सरकारने तारा ओढल्या नसत्या. अर्ध्यातच फोन ठेवून निघून गेला. जाताना म्हणाला, मावशी, पैसे घ्या पण बोलू नका. मावशी.

गिरिजा म्हणते, तो आता सर्जेरावाकडं जाईल, तिथं सोफा हाय. जाऊ दे. तीन मिनिटांच्या कॉलला सोफा कशाला लागतो.

११ जानेवारी, सोमवार

फॉर्ममधला प्रश्न नऊ: व्यवसायात घेतलेला एक कठीण निर्णय लिहा. दीडशे शब्द.

बूथमध्ये कठीण काही नसतं. म्हणून नोकरीतला लिहिला. जून ८८, सोमवार. जालना एक्स्चेंज. बडोद्याहून ट्रंक कॉल आला, तो माझ्यासाठीच निघाला. नंदा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासरी काही झालं होतं. रडत होती, त्यामुळे पहिली दोन मिनिटं वाया गेली. मग म्हणाली, आई, मी येऊ का. इतक्यात तीन मिनिटं झाली. मोंढ्यातल्या अडत्यांचे अकरा कॉल रांगेत. पुढची तीन मिनिटं हवी तर एक्स्टेन्शन मागावं लागतं, तिने मागितलं नाही. मी कॉर्ड काढली, लाईन तुटली. सगळा स्टाफ बघत होता. आपल्या मुलीसाठी नियम वाकवला असता तर उद्या प्रत्येकीची मुलगी सोमवारीच रडली असती.

तेव्हापासून ती बोलत नाही. दिवाळीला पत्र येतं, जावयाच्या अक्षरात. अक्षर बरं आहे.

उत्तर एकशे अठ्ठेचाळीस शब्दांत बसलं. कमिटीवर छाप पडेल.

१३ जानेवारी

लाईन टेस्टची पद्धत लिहून ठेवते. कमिटीने विचारलं तर सांगता येईल.

लांबचा एक नंबर नेमलेला असावा. रोज तोच लावावा, म्हणजे फरक कळतो. आपण बोलू नये, बोललं की आपलाच आवाज ऐकू येतो आणि टेस्ट बिघडते. पलीकडे काय काय ऐकू येतं ते टिपावं. आज कुकरच्या दोन शिट्ट्या, नळ, गुजराती रेडिओ. मग तीन मिनिटांनी कट. नंदा हॅलो म्हणते आणि रिसीव्हर नीट न ठेवताच कामाला लागते. हलगर्जीपणा लहानपणापासूनचा. पण टेस्टला उपयोगी पडतो.

मीटरप्रमाणे पैसे मी गल्ल्यात टाकते. पावती फाडते. नियम सगळ्यांना सारखा. कॉल झाला म्हणजे कॉल झाला, तो आकड्यात धरायलाच हवा.

गिरिजाचा प्रश्न: तुम्ही नुसतं ऐकूनच राह्यल्या, मंग बोलत का न्हाई. तिला म्हटलं, हे टेक्निकल आहे.

२५ जानेवारी

फॉर्मला तीन महिन्यांच्या पावत्यांच्या प्रती जोडायच्या आहेत. सर्जेरावाकडे झेरॉक्सला गेले. त्याने प्रती काढता काढता पावत्या वाचल्या. वाचणं हा त्याच्या धंद्याचा भाग नाही. म्हणाला, म्याडम, हे बडोद्याचं गिऱ्हाईक लई पक्कं हाय तुमचं, रोज येऊन राह्यलं. एखादा महिना उसनं द्या मला.

म्हटलं, चांगल्या सर्व्हिसला गिऱ्हाईक चिकटून राहतं.

म्हणाला, बराबर. मग उरलेल्या पावत्या न वाचताच प्रती काढल्या. झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. उपकार नकोत म्हणून ठेवून आले.

३० जानेवारी

फॉर्म रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. जोडपत्रांसह एकूण अडतीस पानं. सर्जेरावाचं दीड पान.

चहा चार. टपालाचा दिवस म्हणून सूट.

२२ फेब्रुवारी

पत्र आलं. शेवटच्या सातांत निवड. गिरिजाला वाचून दाखवलं. तिने पदराने बूथची पत्र्याची पाटी पुसली. कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी टेस्ट. सांगून टाकावं असं वाटलं. पण सिस्टर ऍग्नेसची शिकवण पक्की आहे, विचारल्याशिवाय बोलू नये. सिकंदराबादला सात वर्षं बोर्डिंगला होते, त्यात एवढंच शिकले असं नाही. नंदा हॅलो म्हणाली. विचारलं काही नाही. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

तिला निमंत्रणपत्रिका जाईल, ती छापील असेल. तेच योग्य.

८ मार्च

मागच्या खोलीतली गादी उन्हात घातली. उशी नवी भरून घेतली. गिरिजा म्हणाली, कोण येऊन राह्यलं. म्हटलं, एक पाहुणी. म्हणाली, बेबीताई का.

नंदाचं बेबीनंदा हे नाव सासूबाईंनी ठेवलं. मी ते कधी उच्चारलं नाही. नंदा म्हटलं की पुरतं.

संकल्प चार: ती आली की जुना विषय काढायचा नाही. तिने काढला तर नियम समजावून सांगायचा, शांतपणे.

१७ मार्च. संध्याकाळी.

मंडळाचा माणूस पाहणीला आला. धर्मराज नावाचा, वय तिशीचं, शर्ट इस्त्रीचा. बोर्ड पूर्ण वाचला. तो होता त्या दीड तासात एकही गिऱ्हाईक आलं नाही. बुधवार असतोच तसा.

पावत्या चाळून म्हणाला, मॅडम, हा बडोद्याचा नंबर खूप वेळा दिसतो. म्हटलं, नियमित ग्राहक. म्हणाला, आम्ही अशा एकदोघांना फोन करून सेवेबद्दल विचारतो. फोन करणाऱ्यांना आणि ज्यांना फोन जातो त्यांनाही.

हरकत घ्यायला जागा नव्हती. साडेतीनला करा म्हटलं, तेव्हा तिकडे निवांत असतं.

चिंता नाही. नंदा लहानपणापासून खरं बोलते.

२५ मार्च

तीन दिवस टेस्ट केली नाही. कमिटीची लाईन मोकळी राहावी म्हणून. गिरिजा म्हणाली, म्याडम, आजारी पडल्या का. चहा सहा.

९ एप्रिल, शुक्रवार

पत्र नाही, धर्मराजच आला. स्टुलावर बसला. पाणी मागितलं, प्यायला नाही.

म्हणाला, मॅडम, बडोद्याचे कॉल बाजूला काढले तर तुमचे आकडे साठ, पन्नास, तीस असे होतात. धंदा निम्म्यावर आलाय. वाढ आहे ती फक्त त्या एका नंबरची, आणि तिथे फोन करणारं गिऱ्हाईक कोण ते तुमच्या गिरिजाबाईंनी सांगितलं.

गिरिजा कोपऱ्यात केरसुणी धरून. म्हणाली, त्यायनी इचारलं, मंग खोटं कशाला बोलू.

म्हटलं, पैसे भरलेले आहेत, पावत्या आहेत. म्हणाला, ते सगळं बरोबर आहे, मॅडम. गेला नाही मात्र. ग्लास फिरवत बसला. मग म्हणाला, बडोद्याला फोन केला होता. त्या बाई म्हणाल्या, सेवा चांगली आहे, आवाज स्वच्छ येतो. जालन्याहून रोज फोन येतो, पलीकडून कोणी बोलत नाही. मी पण बोलत नाही. घड्याळ बघून तीन मिनिटं धरून ठेवते, मग ठेवते. तिकडचा तसा नियम आहे.

मी म्हटलं, बरोबर आहे. पुढे एक्स्टेन्शन मागावं लागतं.

तो गेल्यावर बूथ पाचलाच बंद केला. म्हणजे नंदाचा रिसीव्हर बाजूला पडलेला नसायचा, तिने धरलेला असायचा. हलगर्जीपणा नव्हे. नोंद दुरुस्त केली.

१० एप्रिल

काही नाही.

१४ एप्रिल

काही नाही. गादी आत घेतली.

१८ एप्रिल, रविवार

पुरस्कार सर्जेरावाला. तो सकाळी दारात. म्हणाला, मला दोन खुर्च्या हायत अन् बायको म्हणती मी माणसांत बसत न्हाई. तुम्ही चला. फॉर्म तुम्हीच भरल्ता.

गेले. पहिल्या रांगेत, दुसऱ्या खुर्चीवर. निवेदकाने ‘देवाच्या कृपेने’ मोठ्याने वाचलं, टाळ्या पडल्या. सर्जेरावाने पुरस्काराची ढाल माझ्या मांडीवर ठेवली आणि फोटोला उभा राहिला. ढाल हलकी होती. आतून प्लायवूड असावं.

१९ एप्रिल, सोमवार. दुपारी ४.

आज बोलायचं ठरवलं. दोन वाक्यं कागदावर लिहून घेतली. गिरिजाला बाहेर बसवलं.

३.३० ला लावला. पहिल्याच रिंगला उचलला. हॅलो.

मी म्हटलं, जालना. एक्स्चेंजमधली तीस वर्षांची सवय, दुसरं तोंडात येत नाही.

पलीकडे नुसता रेडिओ. मग ती म्हणाली, बोल.

कागद हातात होता. मी म्हटलं, लाईन टेस्ट करते आहे. म्हणाली, हो. आवाज येतोय ना, मी विचारलं. येतोय, म्हणाली. रेडिओ बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग ती म्हणाली, तुला बरं आहे का. म्हटलं, बरं आहे. उन्हाळा फार. तिकडे पण फार, म्हणाली. मीटरवरचे लाल आकडे पुढे सरकत होते, मी तिकडेच बघत होते.

आई, ती म्हणाली. आणि तिने पुढचं वाक्य सुरू केलं: मी—

एवढंच ऐकलं. तीन मिनिटं झाली होती. मी म्हटलं, टाईम संपला. आणि ठेवला.

पावती फाडली. पैसे गल्ल्यात टाकले. कागदाची घडी करून या वहीत ठेवली आहे, वाक्यं चांगली होती.

गिरिजा आत आली. काय बोलल्या बेबीताई, तिने विचारलं. तीन मिनिटं झाली म्हणून ठेवावा लागला, असं मी सांगितलं. ती बूथच्या दाराशी गेली, बाहेर रस्त्याकडे बघितलं, परत आली. म्हणाली, म्याडम, रांगंत कोण व्हतं.

रांगेत कोणी नव्हतं.