कुसुंबाची थंडी

१२ जानेवारी, सकाळी ७
गॅलरीतलं थर्मामीटर: २१. ही काय थंडी झाली? उमेळ्यात बागा होत्या तेव्हा शाल लागायची. सोसायटीमागचा कुसुंब नुसत्या काड्या घेऊन उभा. सेक्रेटरी वॉल्टर म्हणतो, मेलाय, तोडू, पार्किंग होईल. बायकोने, विनयाने, घरोघर जाऊन सह्या आणल्या, म्हणून पाडव्यापर्यंत मुदत मिळाली. तोवर पालवी आली तर झाड राहणार. पण सह्यांनी पालवी फुटत नाही. ते शास्त्राचं काम. म्हणजे माझं.

१५ जानेवारी
निदान झालं. हिवाळ्यात थंडी कमी पडली की जंगली झाडांची पालवी लांबते. स्वतः वाचलं. लेख युरोपातल्या झाडांवर होता. झाड ते झाड.
उपाय: बुंध्याला बर्फ.

१८ जानेवारी
पाचूबंदरच्या रोझलीनबाई गेटवर मासळी विकतात. पाटीतला उरलेला बर्फ फुकट दिला. त्यात मीठ हाय, झाडाला कशाला, म्हणाल्या. विनयाही तेच म्हणाली. मिठाने बर्फ आणखी थंड होतो, हे दोघींना समजावलं. पटवून घ्यायची तयारीच नाही.

५ फेब्रुवारी
रोज दोन बादल्या. मांजरं फार. वॉल्टरने लिफ्टजवळ दुर्गंधीची नोटीस लावली. शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने दुरुस्त केल्या.

२ मार्च
चिंचोटीला जाऊन आलो. रस्त्याकडेचा कुसुंब लालभडक. त्याला कोणी बर्फ घातलेला नाही. तिकडे पहाटे गारवा असणार. म्हणजे आपला डोस कमी पडतोय. उद्यापासून चार बादल्या.

९ मार्च
कोंब! खालच्या फांदीला, तांबूस. विनया खाली धावली. बुंध्याला हात लावून बराच वेळ उभी होती. मग वॉल्टरला बोलावून दाखवलं. आता बर्फ पुरे, असं तिने मला दोनदा सांगितलं. यशाच्या तोंडावर प्रयोग थांबवत नसतात.

१५ मार्च
कोंब काळे पडले. मार्चचं ऊन. हवामानापुढे माणूस काय करणार?

२० मार्च
काल पाडवा झाला. आज तोडलं. खोड आतून ओलं निघालं. म्हणजे झाड जिवंत होतं, माझं निदान बरोबर होतं. वॉल्टर विनयाला सॉरी म्हणाला. मला नाही.
दुपारी आमटी अळणी. मीठ मागितलं.
"होतं तेवढं झाडाला घातलंत," विनया म्हणाली.
बरणी समोरच होती, भरलेली. आमटी तशीच खाल्ली.