निळ्याचं जांभळं झालं

लोकेशदादा,

तुझा कॉम्प्युटर आन् टीव्ही, दोन्ही ऑटोत टाकून मी गोंदियाले जाऊन राहिली. बदलून आणीन.

मले डिझाइनसाठी दोन मॉनिटर पायजे होते, खरे रंग दाखवणारे. कागदावर नाव, साइज सगळं लिहून देलं होतं. तू आणला लाल-हिरवे लाइट चमकणारा गेमिंगचा डब्बा, आन् मॉनिटर म्हणून हा भला मोठा टीव्ही. त्याच्यावर जयंतीचं बॅनर बनवलं. टीव्हीत निळं दिसे, छापून आलं जांभळं. चौकात मंडळाचे लोक मले म्हणे, ताई, आपला निळा तुले ओळखू येत नाही का?

आज कपडे धुताना माझा कागद तुझ्या पँटच्या खिशात सापडला. घडीसुद्धा मोडली नव्हती. वाचला काऊन नाही?

दुकानदाराले फोन केला. तो म्हणे, "तुमचे भाऊच बोलले, बहीण घरी बसून टाइमपास करते, काहीबी द्या."

आज मी घरी नाही बसली. दुकानदार मॉनिटर देत नाही तोवर त्याच्या दुकानात बसून राहीन. भात तूच मांडजो.

रीना