कुस्कोची भिंत

वादी कबीर, मे २००३

प्रिय जेनेट बाय,

उशिरा लिहितोय, माफ कर. पेरूला चार दिवस एकटीच जातेस म्हणालीस, तेव्हा मी फोनवर ओरडलो, "खलास! जायचं नाही!" तेव्हापासून तुझा फोन नाही.

शेजारच्या नोएलने ऑफिसातून, तू जातेस त्या कुस्कोच्या जुन्या भिंतीचा फोटो छापून आणला. अकरा हजार फुटांवर, चुन्याशिवाय बसवलेले दगड! गावी नि इथे आखातात मिळून चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, पण असा सांधा मला कधी जमला नाही. हे बघायचं तुला सुचलं, शाब्बास.

जा बाय. पहिल्या दिवशी चढ चढू नकोस, दम लागेल. त्या सांध्यात नख शिरतं का, तेवढं माझ्यासाठी बघ.

पत्र टाकायचा धीर अजून होत नाही. पण टाकलंच, तर वाचून तूच लवकर फोन कर. नखाचंच सांगितलंस तरी पुरे.

तुझा पप्पा,
आल्बर्ट