नववं नक्षत्र

टेंभुर्णी,
भाद्रपद वद्य अष्टमी
(रविवार, १४ सप्टेंबर २०२५)

चि. सौ. सुरेखास,

दादाचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, म्हणजे उषाचे गुडघे सोडून सगळं. तुझं पत्र आणि सोबतचं निवेदन मिळून बारा दिवस झाले. मोबाइलच्या काळात भावाला पोस्टानं पत्र धाडणारी अख्ख्या भोकरदन तालुक्यात तू एकटीच असशील. मलाही फोन करता आला असता. पण फोनवर तू मधेच बोलतेस, आणि मला आज सलग बोलायचंय.

शाळेचं विचारलंस. दहावीला संस्कृत घेणारी सहा मुलं उरलीत. चौघं मार्कांसाठी, एक बापाच्या भीतीनं आणि एक चुकून.

बसस्टँडसमोर झेरॉक्सवाल्याच्या गाळ्यात चौथं बक्षीस सेंटर उघडलं. कायद्याला कसं गुंडाळलंय बघ: दहा रुपयांचं पेन घ्यायचं, पेनासोबत कूपन, कूपनावर पडद्यावरच्या चक्रीचा एक डाव फुकट. शून्य ते नऊ. आपला आकडा आला की बक्षीस. म्हणजे जुगार न्हाई, पेनविक्री. एवढी पेनं खपणाऱ्या गावात साधा अर्ज लिहायला लोक अजून माझ्याकडंच येतात. तुमच्या पिंपळगावात पहिलं सेंटर आत्ता कुठं उघडतंय, आणि तुम्ही बाया तेही उघडू देईनात. मागासलेलं गाव.

तू लिहितेस, "दादा, टेंभुर्णीत कुणीतरी आकडा सांगतो म्हणे, म्हणून हे तिकडं पळतेत. तू शिकलेला, त्याचं नाव तेवढं शोध. बाकीचं आम्ही बघून घेऊ." निवेदनात त्या नावापुरती एक ओळ मोकळी सोडलीस.

शोधायला बारा दिवस लागले न्हाईत.

आषाढात टपरीवर चहा पिताना सलूनवाल्या कडूबानं विचारलं, सर, आज नक्षत्र कोणतं? मी म्हणालो, रोहिणी, चौथं. जा, लाव चार. थट्टा केल्ती. चार आला. दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर तिघं बसलेले, आठवड्यात वीस. नक्षत्र नवव्याच्या पुढचं असलं की शेवटचा अंक धरायचे. आकडा चुकला तर म्हणायचे, सरांचं नक्षत्र बराबर होतं, आपलाच हात जड. लागला तर एक पेन ठेवून पाया पडून जायचे.

सत्तावीस वर्षं शिकवलं, सुरेखा. आज काय सांगता, असं कुणी विचारलं नव्हतं. मी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसू लागलो. उषा म्हणाली, लग्नातबी एवढे नटले नव्हते.

पोळ्याला पुंजाराम दाजी आल्ते. तुला सांगून निघाले असतील की सरांना भेटून येतो. ते खरंच होतं. ओट्यावर दहा-पंधरा माणसं. दाजींच्या खिशात रुमालाची गाठ होती, आणि गाठीतून दोन काळे मणी बाहेर आल्ते. ते मी पाहिले. तुझी पोत मला कळते. सोनाराकडं मीच गेल्तो ती करायला.

"सर, आज काय?"

घरात चला दाजी, एवढंच म्हणायचं होतं. पण माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी म्हणालो, "आश्लेषा. नववं."

चक्री सातावर थांबली म्हणे.

दाजींनी तुला माझं नाव सांगितलं न्हाई. माझ्यापेक्षा तो माणूस बरा निघाला, हे लिहिताना मला वाईट वाटून राह्यलं, पण वाटायला हवं तितकं न्हाई.

उषा म्हणते, नोकरीची सात वर्षं राहिली, ओळ राहू द्या मोकळी, बाया विसरतील. तिनं तुला लहानपणी पाहिलेलं न्हाई.

निवेदन परत पाठवतोय. ओळ भरली आहे: नाव, शाळा, हुद्दा, सगळं सुवाच्य. पुढच्या मंगळवारी पोलीस ठाण्यात देताना तुझा हात अडू नये म्हणून शेजारी सहीही केली. ड्रॉवरमध्ये एकतीस पेनं निघाली. सही त्यातल्याच एकानं केली, हे पत्रही त्याच पेनानं. शाई फिकी उतरते. वाचायला त्रास झाला तर तो माझ्याकडून मिळालेला पहिला न्हाई.

भाऊबीजेला येऊ का, हे विचारत न्हाई. लोभ असावा, असं लिहायची सोय मीच मोडली.

इत्यलम्.

तुझ्या मोकळ्या ओळीतला,
भागवत