बाग ताणावर आहे

२८ नोव्हेंबर, सकाळ
नवी वही, म्हणून आधी सगळ्यांची खुशाली. बायकोचे, सत्यभामेचे गुडघे कसे आहेत? कुरकुरतात, पण चालतात. पोरगा कृष्णा? वाळूजच्या कंपनीत सेकंड शिफ्टला, बरा आहे. त्याची पोरगी प्रेरणा विद्यापीठात. बरी आहे, फक्त लई शिकलीय. म्हैस बरी. विहीर? तळाला डबकं. हाक मारली की पूर्वीपेक्षा उशिरा ओ देते. आणि सत्यभामेनं लेकरांसारखी वाढवलेली मोसंबीची दोनशे झाडं? पानं वळलीत. पण त्याला कारण आहे. बाग मी ताणावर सोडलीय.
मोसंबीला बहार हवा तर आधी पाणी तोडावं लागतं. झाड तहानलं की घाबरतं, घाबरलं की फुलतं. हाच ताण. जानेवारीत पाणी देऊन तो तोडायचा आणि आंबिया बहार धरायचा. सगळं प्लॅनप्रमाणे.

३ डिसेंबर
प्रेरणा आली होती. तिचा अभ्यास शेतातल्या ओलीचा. चाळीस वर्षांत कुठल्या भागाच्या जमिनीत किती ओल टिकली आणि दुष्काळ कुणाला जास्त गाठतो, हे ती सॅटेलाइटवरून बघते. आमचा गंगापूरकडचा भाग आणि तिकडचं सोयगाव शेजारी-शेजारी मांडलंय. मॅपवर सोयगाव पिवळं, म्हणजे जरा बरं; आम्ही तांबडे, म्हणजे पार कोरडे. म्हणाली, आबा, पंधरा वर्षांमागं आपणही असेच पिवळे होतो. ही एका सालाची गोष्ट नाय, उतरणच आहे. आहे तेवढं पाणी निम्म्याच झाडांना द्या, निम्मी तरी जगतील.
तिला चहा दिला. सॅटेलाइट आभाळात, ओल जमिनीत. मधे केवढी धूळ.
संकल्प: दर शनिवारी ओल स्वतः मोजणार. माती मुठीत दाबायची. लाडू वळला की ओल आहे. वडील असंच करायचे.

१६ डिसेंबर
लाडू वळला. बागेच्या तोंडाशी माझी खुर्ची असते, तिच्याजवळच्या झाडाखालची माती घेतली, लांब जाऊन वाकणं होत नाही. झाडं काय, सगळी सारखीच.
लेकीच्या, रूपाच्या सासऱ्यांना, सोयगावच्या धोंडिबा इवायांना, लगेच फोन लावला. त्यांनीही कपाशीत जाऊन मूठ भरली. माती बोटांतून गळाली म्हणे. मी म्हटलं, बघा, तांबड्यात लाडू आणि पिवळ्यात भुगा. मोसंबी लावा तुम्हीही. विचार करतो म्हणाले. मग विचारलं, तुमच्याकडं हा आवाज कशाचा येतोय?
जेसीबीचा. ओढ्यापलीकडं कुणी तरी बाग उपटतंय. लोकांना धीर नसतो.

१५ जानेवारी
आज ताण तोडायचा मुहूर्त. मोटर लावली. खोकली, जरा गढूळ थुंकली, मग नुसती हवा. मोटर जुनी झालीय.
तसाही आंबिया बहाराला दर मिळत नाही. मृग बहार धरू. म्हणजे ताण जूनपर्यंत. ताण मी वाढवलाय, आपोआप वाढलेला नाही, हे इथं लिहून ठेवतो.

९ मार्च
लाडू वळला. एकही शनिवार चुकला नाही.
बागेत फेरी मारली तर भेगेत काठी गेली, पार मुठीपर्यंत. ओढून काढावी लागली. भेगा चांगल्या, मुळांना हवा मिळते. जेसीबी ओढ्याच्या अलीकडं आलाय.
प्रेरणाचा मेसेज: आबा, निम्मी तरी. तिला लाडवाचा फोटो पाठवला, इवायांनाही.

२२ एप्रिल
शेजारचा गोकुळ येऊन बसला. त्यानं बाग काढली. काका, तुमची कवा, असं विचारलं. मी त्याला ताणाचं सगळं शास्त्र सांगितलं. आजाऱ्याचं ऐकून घेतात तसं त्यानं ऐकून घेतलं. जाताना म्हणाला, काका, तुमच्या बागेत पाखरूच दिसंना. मग माझ्याही लक्षात आलं.
शांतता बरी. झाडांना आराम.

२५ मे
टँकर येतो, पिण्यापुरता. सत्यभामा बोलत नाही फारसं. गुडघे असतील.

२२ जून
मृग कोरडा गेला. पहाटे आडवा पडल्या-पडल्या सुचलं: हस्त बहार! तिसराही बहार असतोच की. ताण सप्टेंबरपर्यंत न्यायचा.
तेवढ्यात इवायांचा फोन. तांबड्यात तुमची बाग तगते, तर आमच्यात का नाही, म्हणून त्यांनी खड्डे घेतलेत. रोपं सांगून ठेवलीत, पहिल्या पावसाला लावणार. मी शाब्बास म्हटलं.
दोन्ही बातम्या सांगायला सत्यभामेकडं गेलो. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "ताण आपुन देतो आन आपुनच तोडतो. तोडायला पाणीच नाय, तवा त्याला ताण नाय म्हणत."
मी म्हटलं, मग लाडू कसा वळतो?
ती उठली. भांड्यांचं पाणी बादलीत घेतलं आणि माझ्या खुर्चीजवळच्या झाडाच्या बुडाशी ओतलं.
"रोज टाकते. एक तरी ऱ्हाऊ द्या म्हनून."
आजचा लाडू वळलेला होता. खिडकीत ठेवला होता. तो तिथंच आहे.

२९ जून
जेसीबी फाटकात. सत्यभामेनं बोलावला. मी बागेच्या शेवटापर्यंत चालत गेलो, नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच. कुठलीही फांदी वाकवा, कटकन मोडते, आत हिरवं काही नाही. पोर सांगत होती तेव्हा निम्म्यांत जीव होता.
ड्रायव्हरनं विचारलं, कुठून सुरू करू. सत्यभामा त्या एका झाडाला पाठ लावून उभी राहिली. मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली. बसली नाही.

३० जून
प्रेरणाला पाठवायचा मेसेज, आधी इथं लिहून बघतो:
बेटा, आजी बरी आहे. झाडही बरं आहे. बाकीची ताणावरून उतरली. सोयगावचे इवाई मोसंबी लावायला निघालेत, खड्डे तयार आहेत. सकाळपासून तीनदा फोन करून नको म्हटलं. ते म्हणतात, इवाई, थट्टा करता व्हय, लाडवाचा फोटो अजून आहे माझ्याकडं. त्यांना तुझा मॅप दाखव. आभाळ भरून यायच्या आत दाखव. दाखवलास की मला लगेच लिही. सहा महिने त्यांनी माझंच ऐकलंय, घोर त्याचाच लागलाय.