फुलामागचं हिरवं

सौंसर, ३ फेब्रुवारी १९८६

...धुणं वाळत घालत होते, चिमटा दातात. परसातल्या संत्र्याखाली हे पोटावर आडवे, डोळ्याला कॅमेरा. एरवी ओरडायचे, "मागून सरक! तुझी साडी येते फोटोत!" त्या दिवशी म्हणाले, "हलू नको!" खटका वाजला. मी चिमटा काढून विचारलं, "फूल ऐकते का तुमचं?" नुसते हसले. मी भाजी चिरायला गेले. एवढीच सकाळ, गेल्या वर्षीची. पंधरवड्यात हे गेले.

आज धाकटे दीर रघुनाथराव पुन्हा आले. "वहिनी, रोल संपला का? जावईबापू विचारून राह्यले." मीच कबूल करून बसले – रोल संपला की कॅमेरा न्या. छत्तीसपैकी एकोणतीस यांनी काढलेले. उरले सात. दिरांचे हे जावईबापू लग्नात नवरदेवाचं मुंडकं कापून फोटो काढतात. थोर कलावंत!

५ फेब्रुवारी

यांचं कॅमेऱ्याचं पुस्तक इंग्रजी. शब्दकोश मांडीवर घेऊन चार पानं झाली. भिंगावरचा आकडा मोठा तेवढं आतलं छिद्र बारीक – ही अक्कल कोणाची! छिद्र बारीक तर मागचंही स्पष्ट, मोठं तर मागचं विरघळतं. तिसावा फोटो संत्र्याच्या फुलाचा, सोळावर काढला. मग लक्षात आलं – फुलामागे संडासाचं दार. सोळावर कडीसुद्धा येणार! सहा उरले.

८ फेब्रुवारी

चारवर लावलं, भिंगाजवळचं बटण दाबून आधी पाहिलं. दार विरघळलं, खरं. पण इतक्या जवळून एक पाकळी स्पष्ट तर दुसरी धुक्यात. आठवर फूल बरं, पण दार परत हजर! पुस्तक म्हणतं, मागे कापड लावा, फुलापासून लांब. पेटीतली हिरवी साडी काढली. वर्षभर हात लावला नव्हता. दोरीवर टाकली.

अर्ध्या तासात कुंपणावर शेजारची देवकाबाई. "काय वो माय, हिरवं काढलं? नेसून राह्यली का काय?"

"मी नाही. फूल नेसून राह्यलं."

आळीभर बातमी पोचवायला तिला चहाइतकाही वेळ लागला नाही.

९ फेब्रुवारी

रघुनाथराव. "लोक बोलून राह्यले, वहिनी." म्हटलं, "बोलू द्या. आठवर छान येते." कळलं नाही त्यांना.

१२ फेब्रुवारी

छत्तिसावा. वारा पडायची वाट पाहत तासभर बसले. हे अशा वेळी श्वास धरायचे. मीही धरला. खटका. संपलं.

रोल पांढुर्ण्याच्या स्टुडिओत दिला. धुवायला नागपूरला जाईल. "फोटो पाहू द्या, मग न्या," दिरांना सांगितलं. तेवढी मोहलत मिळाली. उपकारच!

२४ फेब्रुवारी

फोटो आणले. स्टुडिओवाल्याने एक बाजूला काढून ठेवला होता. "बाई, हा बिघडला. सरांनी काढलेला दिसते. फूल पुसट आलं."

एकोणतिसावा. यांच्या वहीत नोंद आहे – "२९, संत्र्याचं फूल." फूल म्हणजे पांढरा डाग नुसता. मागे मी. हिरवी साडी, दातात चिमटा, कपाळावरची बट न् बट मोजून घ्यावी इतकी स्पष्ट.

"हलू नको" फुलाला नव्हते म्हणाले.

संध्याकाळी रघुनाथराव पिशवी घेऊनच आले. "वहिनी, शब्द दिला होता तुम्ही."

दिला होता. "रोल संपायचा आहे," म्हटलं.

"कोणता रोल?"

मी दार लावलं.

२५ फेब्रुवारी

हिरवी साडी नेसले. सकाळच्या बसने पांढुर्ण्याला जाऊन नवा रोल आणला.